पार्श्वभूमीतले मृत : बर्लिनच्या स्मारकावरील बारा सेल्फींचे प्रकरण

१८ जानेवारी २०१७ रोजी शाहाक शपिरा या बर्लिनमध्ये राहणाऱ्या, मूळच्या इस्रायली लेखकाने एक संकेतस्थळ सुरू केले. त्यावर बारा छायाचित्रे होती. बर्लिनच्या मध्यभागी, युरोपात हत्या झालेल्या ज्यूंचे जे स्मारक आहे, तेथे निरनिराळ्या पर्यटकांनी ती काढली होती आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, टिंडर, ग्राइंडर अशा ठिकाणी स्वतःच्या हौसेने टाकली होती. कोणी काँक्रीटच्या ठोकळ्यांवर योगासन करत होते, कोणी चेंडू हवेत झेलत होते, कोणी नुसतेच हसत कॅमेऱ्याकडे पाहत होते. एका छायाचित्रात ठोकळ्यावरून मारलेली उडी टिपली होती आणि ते टाकणाऱ्या तरुणाने खाली ओळ लिहिली होती : 'मेलेल्या ज्यूंवर उड्या मारताना'. माऊसचा बाण छायाचित्रावर नेला, की मागचे राखाडी ठोकळे नाहीसे होत आणि त्यांच्या जागी नाझी छळछावण्यांतील प्रेतांच्या राशी येत. माणूस तसाच, हसू तसेच, उडीही तशीच. भोवती मात्र हाडांना कातडे चिकटलेली माणसे.

संकेतस्थळाचे नाव होते 'योलोकॉस्ट'. 'आयुष्य एकदाच मिळते, मजा करून घ्या' अशा अर्थाने तरुण मंडळी इंटरनेटवर 'योलो' हा शब्द वापरत, आणि तो 'होलोकॉस्ट' (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) या शब्दाला जोडून हे नाव तयार झाले होते. हे सारे प्रकरण सात-आठ दिवसांत सुरू होऊन संपले. तरीही स्मारकावर कसे वागावे हा प्रश्न निघाला, की मला आजही सर्वांत आधी तेच आठवते, कारण त्यात चूक करणारे आणि चूक दाखवून देणारे हे दोघेही एकाच खड्ड्यात पाय घालताना दिसतात.

सात दिवस

शपिरा यांनी छायाचित्रांतील व्यक्तींची परवानगी घेतलेली नव्हती. आपले छायाचित्र काढून टाकावे असे ज्याला वाटेल त्याने एका ठरावीक पत्त्यावर ईमेल करावी, एवढी सोय त्यांनी ठेवली होती, आणि त्या पत्त्यातच एक शिवीवजा शब्द गुंफलेला असल्यामुळे विनंती करणाऱ्याला आधी स्वतःचे मूर्खपण कबूल करावे लागे. आठवड्याभरात २५ लाखांहून अधिक लोकांनी ते पान पाहिले आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याची बातमी केली. बाराही जणांपर्यंत ती पोहोचली. शपिरा यांच्याच सांगण्यानुसार, त्यांपैकी बहुतेकांनी माफी मागितली आणि आपल्या खात्यांवरची मूळ छायाचित्रेही काढून टाकली. त्यानंतर शपिरा यांनी सर्व छायाचित्रे उतरवली आणि त्या जागी उडीखाली ती ओळ लिहिणाऱ्या तरुणाचे पत्र ठेवले.

ते पत्र या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज आहे, असे मी मानते. तो तरुण आपलीच ओळ उद्धृत करायला घेतो आणि शब्द अर्ध्यावर सोडतो, कारण ती पुन्हा लिहिण्याचे धाडस त्याला होत नाही. तो म्हणतो, की ते छायाचित्र मित्रांसाठी होते; मित्रांना आपले वात्रट विनोद ठाऊक आहेत आणि ते समजून घेतात; पण तेच छायाचित्र अनोळखी माणसापुढे गेले, की त्याला फक्त एवढेच दिसते, की कोणीतरी कोणाच्या तरी जिव्हाळ्याच्या गोष्टीचा अपमान करत आहे. तसा हेतू नव्हता, असे सांगून तो क्षमा मागतो. यात सारवासारव थोडी आहेच. पण मित्रांच्या कट्ट्यावर बोललेले वाक्य चव्हाट्यावर आले की त्याचा अर्थ बदलतो, ही गोष्ट त्या मुलाने जितक्या साधेपणाने सांगितली आहे, तितक्या साधेपणाने ती त्या आठवड्यात दुसऱ्या कोणी सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही.

२,७११ ठोकळे

स्मारकाची मागणी १९८८ मध्ये पत्रकार लेआ रोश आणि इतिहासकार एबरहार्ड येकेल यांनी पुढे आणली. दोन स्पर्धा आणि दशकभराचे वाद झाल्यावर २५ जून १९९९ रोजी जर्मन संसदेने ठराव केला, २००३ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि १० मे २००५ रोजी अमेरिकी वास्तुरचनाकार पीटर आयझेनमन यांनी आखलेल्या स्मारकाचे उद्घाटन झाले. १९,००० चौरस मीटर, म्हणजे सुमारे पावणेपाच एकर जागेत काँक्रीटचे २,७११ ठोकळे ओळीने उभे आहेत. प्रत्येकाची लांबी २.३८ मीटर आणि रुंदी ९५ सेंटिमीटर. उंची मात्र जमिनीलगतपासून ४.७ मीटरपर्यंत बदलत जाते. त्यांच्यावर नाव नाही, तारीख नाही, कोणतेही धार्मिक चिन्ह नाही.

बाहेरून पाहिले तर ही बसण्याजोग्या दगडांची मोकळी जागा वाटते, आणि पर्यटक खरोखरच कडेच्या बुटक्या ठोकळ्यांवर बसून बुटांच्या नाड्या बांधतात, पाणी पितात, मोबाईलवर नकाशा उघडतात. आत शिरल्यावर जमीन हळूहळू खाली उतरते. ठोकळे आधी कमरेला येतात, मग खांद्याला, मग डोक्यावरून वर जातात. दोन ओळींमधली वाट एका माणसापुरतीच असल्याने सोबत आलेल्याला पुढे किंवा मागे व्हावे लागते, आणि पुढच्या चौकात तो उजवीकडे वळला की दिसेनासाच होतो. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज मंदावतो आणि वर आकाशाची एक पट्टी तेवढी उरते. मी तेथे उभी असताना दर दोन-तीन मिनिटांनी कोणीतरी एका चौकातून दुसऱ्या चौकात जाताना क्षणभर दिसे आणि नाहीसे होई. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतून आवाज आला, "अगं, जरा डावीकडे सरक, उजेड छान पडलाय." मराठी ऐकून मी दचकले. उजेड खरोखरच छान पडला होता. सरळ रेषा, राखाडी भिंती, वरून झिरपणारा मऊ प्रकाश आणि मधोमध एकटे माणूस, अशी चौकट एखाद्या स्टुडिओलाही सहज जमणार नाही. तेथे कॅमेरा वर उचलला जातो, याला पाहणाऱ्याचा उथळपणा जितका कारणीभूत आहे, तितकीच ती रचनाही आहे, आणि हे लक्षात घेतल्याखेरीज त्या बारा जणांचा न्याय करता येणार नाही.

नियम तेथेही आहेत : ठोकळ्यांवरून उड्या मारू नयेत, गोंगाट करू नये, दारू पिऊ नये, सायकल आणू नये. फोटो काढायला मनाई नाही. आयझेनमन यांनी तर उद्घाटनाच्याच सुमारास सांगून ठेवले होते, की येथे लोक सहलीला येतील, मुले पळापळी खेळतील, मॉडेल फोटोसाठी उभ्या राहतील आणि चित्रपटांची चित्रीकरणेही होतील, कारण ही पवित्र जागा नाही. शपिरा यांचे संकेतस्थळ गाजले तेव्हा बीबीसीने आयझेनमन यांना विचारले, आणि त्यांनी ते आपल्याला भयंकर वाटल्याचे सांगितले. माझ्या स्मारकाखाली कोणीही पुरलेले नाही, ही दफनभूमी नाही, लोकांनी आपापल्या परीने या जागेला सामोरे जावे किंवा जाऊ नये, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

आणखी एक गोष्ट या जागेबद्दल सांगायला हवी. काँक्रीटवर रंगफासणी टिकू नये म्हणून जो लेप देण्यात येत होता, तो देगुसा या कंपनीचा असल्याचे २००३ मध्ये बांधकाम चालू असताना उघड झाले. विषारी वायूच्या कोठड्यांत वापरलेला झिक्लोन-बी पुरवणारी देगेश ही कंपनी याच देगुसाशी संलग्न होती. काम काही काळ थांबले, मोठा वाद झाला, आणि अखेर देगुसाला न वगळता ते पुढे न्यायचे ठरले. म्हणजे ज्या दगडांचे पावित्र्य राखायला आपण निघालो, त्या दगडांच्या पृष्ठभागातच तो इतिहास मुरलेला आहे.

कोणाच्या पायांखाली कोण

आता मूळ प्रश्नाकडे येते. शपिरा यांना हे करण्याचा अधिकार होता का, असे विचारणे मला गैर वाटते. त्यांचे एक आजोबा होलोकॉस्टमधून वाचलेले. दुसरे, अमित्सुर शपिरा, हे इस्रायली धावपटूंचे प्रशिक्षक, १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमधील हल्ल्यात मारले गेले. 'मेलेल्या ज्यूंवर उड्या' ही ओळ वाचून ज्याच्या पोटात कालवले असेल, असा माणूस हाच. त्याचा संताप खरा होता आणि त्याचा परिणामही झाला.

मला खुपते ते वेगळेच. प्रेतांची ती छायाचित्रे कशासाठी काढली गेली होती, हे आठवून पाहावे. १२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकी सेनापती आयझेनहॉवर ओर्डरुफची नाझी छळछावणी पाहायला गेले आणि तीन दिवसांनी त्यांनी वरिष्ठांना लिहिले, की पुढे कधी कोणी हा सगळा अपप्रचार आहे असे म्हणू लागला तर प्रत्यक्ष पुरावा देता यावा, म्हणून आपण मुद्दाम गेलो. त्याच आठवड्यात ब्रिटिश सैन्य बेर्गन-बेल्सनच्या छळछावणीत शिरले, आणि सैन्याच्या छायाचित्रकारांनी जे दिसले ते टिपून ठेवले. ती छायाचित्रे साक्ष होती. त्यांत जे उघडेवाघडे पडले आहेत त्यांना कोणी विचारले नव्हते, कारण विचारण्याजोगे कोणी उरलेच नव्हते. साक्षीसाठी, न्यायालयात, इतिहासाच्या वर्गात ती दाखवताना आपण त्यांच्या लाजेवरून पदर दूर करतो, तो त्यांच्याच वतीने, त्यांच्यावर काय गुदरले ते कळावे म्हणून.

योलोकॉस्टमध्ये ती छायाचित्रे त्यांच्या वतीने आलेली नव्हती. एका वात्रट मुलाला धडा शिकवण्यासाठी ती आली होती. पुढच्या बाजूला जिवंत माणूस, ज्याच्याकडे सगळ्यांचे लक्ष. मागे मृत, ज्यांच्याकडे कोणी चेहरा म्हणून पाहत नाही. सेल्फी काढणाऱ्याने दगडांची पार्श्वभूमी केली होती, शपिरा यांनी माणसांची केली. २५ लाख लोकांनी ते पान पाहिले, पण ही प्रेते कोणत्या छावणीतली, कोणत्या दिवसाची, कोणी टिपलेली, हे किती जणांनी विचारले? चर्चा सगळी त्या बारा जणांची झाली. आणि ईमेल पाठवून चित्रातून बाहेर पडण्याची सोयही त्या बारा जणांनाच होती. मागे पडलेल्यांसाठी तसा पत्ता नव्हता.

मी हे शपिरा यांच्या विरोधात निकाल म्हणून लिहीत नाही. त्यांनी आठवड्याभरात छायाचित्रे उतरवली, आणि प्रेतांऐवजी पश्चात्तापाचे पत्र मागे ठेवले, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण धक्का देऊन आठवण करून देणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावे असा हा प्रश्न आहे, की धक्क्याचा भार आपण कोणाच्या देहावर टाकत आहोत.

त्या आठवड्याचे आणखी एक अंग आहे. संकेतस्थळ सुरू होण्याच्या आदल्याच दिवशी, १७ जानेवारीला, 'जर्मनीसाठी पर्याय' (एएफडी) या अतिउजव्या पक्षाचे नेते ब्यॉर्न होके यांनी ड्रेस्डेनमध्ये भाषण केले आणि आपल्या राजधानीच्या काळजात लाजेचे स्मारक रोवणारे जगात आपणच एक राष्ट्र आहोत, असे सांगून स्मरणाच्या राजकारणात १८० अंशांचे वळण घेण्याची मागणी केली. एकीकडे विचारपूर्वक, टाळ्यांच्या गजरात, विसरायला सांगणारा पुढारी. दुसरीकडे विचार न करता उडी मारणारे पोरगे. स्मृतीला धोका कोणाकडून अधिक, याचे उत्तर मला अवघड वाटत नाही. पोराने माफी मागितली. होके यांच्या घराशेजारच्या जागेत त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये काही कलावंतांनी याच स्मारकाची २४ ठोकळ्यांची प्रतिकृती उभारली, आणि निदान ती तरी योग्य दाराशी उभी होती.

जागेजागेत फरक

आयझेनमन यांचे म्हणणे मला त्यांच्या स्मारकापुरते पटते, त्यापलीकडे नाही. पोलंडमधील आउश्वित्झची नाझी छावणी ही नेमकी उलट जागा आहे. तेथे सुमारे ११ लाख माणसे मारली गेली आणि त्यांची राख त्याच मातीत आहे. मार्च २०१९ मध्ये तेथील संग्रहालयाने लोकांना जाहीर विनंती केली, की ज्या रुळांवरून लाखो माणसांना मृत्यूकडे नेले गेले, त्या रुळांवर तोल सांभाळत चालण्याचे फोटो काढू नका. त्यासाठी दुसऱ्या पुष्कळ जागा आहेत. ती भाषा मला आदर्श वाटते. कोणाला शिवी दिली नाही. जागा काय आहे एवढेच सांगितले. संग्रहालय सरसकट कॅमेराबंदीही करत नाही. मनाई आहे ती कापलेल्या केसांचा ढीग ठेवलेल्या दालनात आणि ११ क्रमांकाच्या इमारतीच्या तळघरात. केसांपुढे कॅमेरा खाली का ठेवायचा, हे समजावून सांगावे लागत नाही : ती वस्तू नाही, ते देहाचे अवशेष आहेत.

पण हावभाव वाचायला आपण फार घाई करतो, याचेही भान हवे. गुंटर डेम्निग हे कलावंत १९९० च्या दशकापासून जर्मनीतील पदपथांवर, हत्या झालेल्यांच्या शेवटच्या राहत्या घरासमोर, १० सेंटिमीटर लांब-रुंद, पितळी पत्रा बसवलेले दगड बसवत आले आहेत. त्यावर नाव, जन्मवर्ष आणि काय झाले ते कोरलेले असते. नाव वाचायला वाकावे लागते, म्हणजे आपोआप मान झुकते, असे त्याच्या बाजूने म्हणतात. म्युनिक शहराने मात्र सार्वजनिक पदपथांवर ते बसवायला परवानगी दिली नाही, कारण होलोकॉस्टमधून वाचलेल्या आणि तेथील ज्यू समाजाच्या अध्यक्ष असलेल्या शार्लोटे क्नोब्लोख यांचे म्हणणे होते, की ज्यांना एकदा बुटांनी तुडवले त्यांच्या नावांवर पुन्हा कोणाचे पाय पडू नयेत. दोघेही प्रामाणिक आहेत, दोघांनाही मृतांचीच काळजी आहे, आणि पाय पडणे या एकाच गोष्टीचा अर्थ ते परस्परविरुद्ध लावतात.

आपल्या मुंबईतही हे कोडे सुटलेले नाही. कुलाब्यातील लिओपोल्ड कॅफेमध्ये २६ नोव्हेंबर २००८ रोजी झालेल्या गोळीबाराच्या खुणा मालकांनी बुजवल्या नाहीत, आणि शेजारच्या टेबलावर खाणेपिणे चालू असताना लोक त्या भोकांपाशी उभे राहून फोटो काढतात. ही मात्र खरोखर माणसे मेली ती जागा आहे. तरीही मला तेथील फोटो आउश्वित्झच्या रुळांवरच्या फोटोसारखा टोचत नाही, कारण काही दिवसांतच पुन्हा दार उघडून गिऱ्हाइकाला चहा-बिअर द्यायची, हेच त्या जागेने दिलेले उत्तर होते. टोचतो तो भोकात बोट घालून दात दाखवणारा फोटो. फरक बारीक आहे, आणि तो नियमाच्या पाटीवर लिहिता येईल असे मला वाटत नाही.

आग्नेय कोपरा

बर्लिनला जाणारा मराठी पर्यटक बहुधा ब्रांडेनबुर्ग दरवाज्यापाशी उतरतो, तेथून चालत येतो आणि उत्तरेच्या बाजूने स्मारकात शिरतो. हाताशी वीस-पंचवीस मिनिटे असतात, त्यात जे होते ते होते. स्मारकाचे माहिती केंद्र नेमके विरुद्ध टोकाला, आग्नेय कोपऱ्यात, जमिनीखाली आहे. जिना उतरल्याशिवाय ते दिसतही नाही. तेथे एका अंधाऱ्या खोलीत जमिनीवर उजळलेल्या चौकटी आहेत, आणि त्यांत डायऱ्या व पत्रांतील उतारे आहेत. एक उतारा आज बेलारूसमध्ये असलेल्या गावातील बारा वर्षांच्या मुलीच्या, ३१ जुलै १९४२ च्या पत्राचा आहे. आईच्या पत्राखाली तिने बाबांना चार ओळी लिहिल्या आहेत : मरण्याआधी तुमचा निरोप घेते, आम्हाला फार जगायचे आहे पण ते जगू देत नाहीत, मला या मरणाची फार भीती वाटते, कारण लहान मुलांना जिवंतच खड्ड्यात टाकतात. चौकट पायांशी असल्याने ती वाचायला खाली पाहावेच लागते, आणि जागा अशी आहे, की वाचणारा माणूस आपोआप चौकटीच्या कडेला थांबतो, तीवर पाय देत नाही.

पुढच्या एका खोलीत मारल्या गेलेल्यांची नावे आणि प्रत्येकाच्या आयुष्याच्या दोन-चार ओळी एकामागून एक वाचल्या जातात आणि नाव भिंतींवर उमटते. सर्व नावे अशी वाचायची झाली तर ६ वर्षे, ७ महिने आणि २७ दिवस लागतील. मी बसले होते तेवढ्या वेळात बारा-पंधरा नावे झाली असावीत. खोलीत चार-पाच जण होते, त्यांतल्या एका मुलाच्या हातात मोबाईल होता. एक नाव संपून दुसरे सुरू होईपर्यंत जो थोडा अंधार होतो, त्यात त्याच्या पडद्याचा उजेड चेहऱ्यावर पडला, त्याने तो मांडीवर पालथा घातला आणि पुढचे नाव ऐकू लागला.

सहली आखणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की हीच वीस-पंचवीस मिनिटे आग्नेय कोपऱ्यातून सुरू करावीत. आधी खाली न्यावे, मग वर ठोकळ्यांत सोडावे आणि कॅमेऱ्याबद्दल काहीही सांगू नये. केंद्रात प्रवेशाला पैसे पडत नाहीत. सोमवारी ते बंद असते, तेवढे पाहून दिवस ठरवावा.